झेड ड्राइव्हचा मालक

माझे रिसोडचे साडू कॉम्प्युटर दुरुस्त करतात, पण बिघडलेल्या कॉम्प्युटरला सगळ्यात शेवटी हात लावणारा असा मेकॅनिक अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल. आधी ते चहा घेतात. मग खोलीतल्या प्रत्येकाचं नाव-गाव विचारतात, त्या टेबलावर आधी कोण बसायचं, ते आता कुठं असतात, याची चौकशी करतात. एकदा एका कृषी केंद्रात प्रिंटर बघायला गेले आणि दुकानदाराच्या पुतणीची सोयरीक जुळवून आले. प्रिंटर दुसऱ्या खेपेला सुरू झाला. कुणी मशीनमध्ये काहीही घोळ घालून ठेवलेला असो, साडू त्याला नावं ठेवत नाहीत. त्यानं काहीतरी विचार करूनच ते केलं असणार, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

मी मंगरूळपीरला एका शाळेत बाबू आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले आणि माझा कॉम्प्युटर अडून बसला. चालू केला की लाल फुलीचा एक झेड ड्राइव्ह, म्हणजे दुसऱ्या मशीनशी जोडलेला कप्पा, दिसायचा, आणि कुठलीही फाइल उघडायला गेलं की मशीन मिनिटभर त्याचीच वाट बघत थांबायचं. मी तो डिस्कनेक्ट करायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. शेवटी दोनच दिवस उरले, तेव्हा साडूंना फोन केला. ते पहिल्या एसटीनं आले, चहा घेतला, शिपायाच्या गुडघेदुखीची विचारपूस केली आणि मग स्टार्टअपच्या फोल्डरमधून दोन ओळींची एक छोटी फाइल शोधून काढली. कॉम्प्युटर चालू झाला की ती फाइल झेड ड्राइव्ह नव्यानं जोडायची, आणि ज्या जुन्या मशीनला जोडायची ते केव्हाच भंगारात गेलं होतं. मी म्हटलं, उडवून टाका. साडूंनी माउसवरचा हात काढून घेतला.

"कोणी जोडला हे मालूम झाल्याबिगर मी नाही काढत. त्याच्यात काही राह्यलं असलं त मंग?"

फाइलवरची तारीख आमच्या निवृत्त मोठ्या बाबूंच्या काळातली होती. ते जऊळक्याला एकटेच राहतात. फोनवर विचारू म्हटलं तर साडूंना पटेना. मनातल्या मनात चरफडत मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मोटारसायकल काढली.

मोठ्या बाबूंनी फाइलचं नाव ऐकताच ओळखलं. चारही टेबलांवरचे दाखले एका जागी राहावेत म्हणून त्यांनीच ती लिहिली होती. शिकवणारं कुणी नव्हतं. आठ दिवस गेले होते. त्यातले सगळे दाखले निवृत्तीआधी नव्या मशीनवर उतरवून ठेवलेत, हेही त्यांनी फोल्डरच्या नावासकट सांगितलं. मग जरा पुढं सरकून त्यांनी विचारलं, "म्हंजे ते अजून चालून राह्यलं?"

"हो ना. रोज सकाळी, न चुकता," साडू म्हणाले.

मोठे बाबू हसले. आतून पेरू आणून दिले, मीठ लावून खायला लावले आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले.

शाळेत परतल्यावर साडूंनी आधी ते दाखले नीट आहेत ना हे पाहिलं, मग ती फाइल काढून टाकली, ड्राइव्ह डिस्कनेक्ट केला आणि मशीन दोनदा बंद-चालू केलं. झेड आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझे सगळे अर्ज गेलेसुद्धा.

पण मशीन सुरू झालं त्याच संध्याकाळी मी साडूंना सोडायला स्टँडवर गेलो. रिसोडची गाडी लागल्यावर म्हणाले, "किती खुश झाले होते ते. आपुन तेच काढायले आलो, हे मले सांगताच नाही आलं."

जऊळक्याला मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मलाही आलं नव्हतं.