सात नंबरचे बूट

पळायचा नाद आधी मला लागला होता, त्याला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे कितीतरी दिवस मी हेच वाक्य मनात घोळवत बसलो आणि त्यातूनच सगळं बिघडलं. नववीत असताना मी सकाळी पेडगावच्या रस्त्याने पळायला लागलो. एकट्याच्या मागे कुत्री लागायची, म्हणून मी माझ्या दोस्ताला सोबत चल म्हणालो. त्याला कुत्र्यांची भीती नव्हती. त्याच्या घरी मेंढ्या होत्या, आणि कळपाच्या राखणीची दोन कुत्री त्याच्या नुसत्या शब्दावर उठायची-बसायची.

आमची दोस्ती पहिलीपासूनची. त्यांचं घर आमच्या रानाच्या बांधाला लागून होतं. उन्हाळ्यात पिकं निघाली की त्याचा बाप आमच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवायचा. आठ-दहा राती कळप बसला की लेंड्या-मुताने जमीन पुढच्या पिकाला तयार होते. त्याबदल्यात शेतकऱ्याने मेंढपाळाला जवारी द्यायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. मेंढ्या बसवणारा माणूस शेतकऱ्याला 'मालक' म्हणतो. त्याचा बाप माझ्या वडिलांना मालक म्हणायचा आणि मला छोटे मालक.

तो मात्र मला 'अय येड्या' म्हणायचा. एकदा त्याच्या बापाने त्याला दटावलं, "मालकाच्या पोराला असं बोलतेत व्हय?"

"ह्यो कशाचा मालक? ह्याची चड्डीबी ह्याच्या बापाची हाय," तो म्हणाला. मी हसून हसून बांधावरच बसलो. गावात मला तोंडावर असं बोलणारा तो एकटाच होता, आणि म्हणूनच तो मला आवडायचा. माझ्या डब्यातली पोळी तो खायचा, त्याच्या फडक्यातली भाकर आणि ठेचा मी खायचो. कुणाच्या आईने कुणासाठी बांधून दिलं, याचा हिशेब दोन्ही घरांत कुणी ठेवला नाही.

तर पळण्याचं. पहिले दोन-तीन आठवडे तो माझ्या बरोबरीने पळायचा, गप्पा मारत. मला दम लागलेला असायचा आणि हा गडी काल कुठली मेंढी व्याली ते सांगायचा. पायात काही नाही. पुढे एक दिवस मी म्हणालो, "शर्त लावू, त्या बाभळीपर्यंत." तो बाभळीखाली जाऊन बसला, तरी मी अजून वाटेतच. त्या दिवशी मला गंमत वाटली. मीच शाळेतल्या खेळाच्या सरांना जाऊन सांगितलं की ह्याला तीन हजार मीटरमध्ये घ्या. हेही खरं आहे, आणि मी तेही विसरलो नाही.

दहावीत तालुक्याच्या स्पर्धेला आम्ही दोघे गेलो. त्यासाठी वडिलांनी मला परभणीहून पांढरे बूट आणले, निळ्या पट्टीचे, सात नंबरचे. बूट घालून मी चौथा आलो. तो अनवाणी पहिला आला, दुसऱ्या पोराला पाऊण फेरी मागे टाकून.

घरी आल्यावर वडील काही वाईट बोलले नाहीत. भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाले, "मेंढरामागं पळणारं पोरगं हाय ते. त्याच्यापुढं तू काय पळणार?" मग आईकडे वळून म्हणाले, "पोरगं असावं तर तसं. बूट नको, काही नको." ते त्यांच्या ध्यानातही राहिलं नसेल. माझ्या मात्र त्या रात्री पोटात दुखायला लागलं ते आजवर पूर्ण थांबलेलं नाही.

मग सरांनी नवीनच बातमी आणली. जिल्ह्यात पहिला आला आणि पुढे विभागात चमकला, तर त्याला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळू शकत होती. राहणं, खाणं, शिकणं, सगळं सरकारकडून. त्याच्या बापाने आधीच ठरवलं होतं की दहावी झाली की पोरगं कळपामागे. सर त्यांच्या घरी गेले तेव्हा मीही सोबत होतो. बाप बराच वेळ काठीने माती उकरत राहिला. शेवटी म्हणाला, "पहिला आला तर जाऊ द्या. मी कामून आडवा येऊ? न्हाई आला तर माझ्या मेंढ्या हायेतच." म्हणजे त्या एका शर्यतीवर त्याची पुढची शाळा ठरणार होती. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

आता बुटांच्या नंबराचं. आमच्या वर्गाबाहेर चपला काढून बसायची पद्धत होती. एकदा गडबडीत मी त्याच्या चपला घालून घरापर्यंत गेलो. माझ्या टाचेमागे बोटभर जागा उरली होती. तेव्हा ते फक्त ध्यानात राहिलं. जिल्ह्याच्या स्पर्धेला चार दिवस उरले असताना ते उपयोगी पडलं.

मी त्याला म्हणालो, "जिल्ह्याला सगळे बूट घालून येतात. अनवाणी गेलास तर हसतील. माझे घाल."

"बसतील का रं?"

"बूट घट्टच असतात. पळताना सैल होतात."

त्याने जन्मात बूट घातलेले नव्हते, त्याला काय कळणार. सर म्हणाले, त्याला सवय नाही, राहू दे अनवाणी. मीच सरांना समजावलं की मैदानावर नवीन मुरूम टाकलाय, पाय फाटतील. मुरमाचं खोटं नव्हतं. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तसा मी त्या चार दिवसांत वागलो, आणि मला त्याचा त्रासही झाला नाही. उलट झोप चांगली लागायची.

परभणीच्या मैदानावर मी त्याच्यासोबत गेलो, दोस्त म्हणून. शर्यतीआधी तो जमिनीवर बसला आणि मी त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसून त्याला बूट चढवले. टाच आत जाईना, मी दाबून घातली. लेस आवळून बांधली आणि सुटू नये म्हणून वर दुसरी गाठ मारली. तो माझ्याकडे बघत होता. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शेजारच्या शाळेच्या सरांना म्हणाले, "दोस्त असावा तर असा." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

साडेसात फेऱ्यांची शर्यत. पहिल्या दोन फेऱ्या तो पुढे होता. तिसऱ्या फेरीत त्याचं पाऊल बाहेरच्या अंगाने पडायला लागलं. चौथ्या फेरीत एका पोराने त्याला मागे टाकलं, मग दोघांनी. एकदा वळणावर तो वाकला आणि लेसला हात घातला, पण माझी गाठ त्याला सुटली नाही. तो उठून पुन्हा पळायला लागला. सातवा आला. मधे सोडून दिलं नाही, शेवटपर्यंत पळाला.

मी गाठ सोडून बूट उतरवले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती आणि मोजे ओले लाल होते. तो म्हणाला, "मला सवय न्हाई बुटाची. माझंच चुकलं, सरांचं ऐकायला पायजे व्हतं." मी त्याच्या चपला पुढे सरकवल्या. एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि गाव येईपर्यंत तसाच बसून होता.

तीन दिवसांनी बूट परत आले. त्याच्या आईने धुऊन, वाळवून, आकार बिघडू नये म्हणून आत धुतलेली लोकर भरली होती. डाव्या बुटाला अंगठ्यापाशी चीर गेली होती, ती काळ्या दोऱ्याने बारीक टाके घालून शिवली होती. एवढी निगा माझ्या घरी त्या बुटांची कुणी राखली नव्हती. मी ते परत कधीच घातले नाहीत. पळणंही सोडलं.

त्यानंतर मी त्याला टाळायला लागलो. वर्गात बाक बदलला, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसायचो. माणूस ज्याचं वाईट करतो त्याच्यावरच चिडतो, हे मला तेव्हा कळलं. मला त्याचा चेहरासुद्धा नको झाला होता. तो दोन-तीनदा जवळ आला. एकदा म्हणाला, "अय येड्या, बूट फाटला म्हणून रुसला व्हय? भरून देतो की." मी म्हणालो, तसं काही नाही, अभ्यास आहे.

उन्हाळ्यात त्यांच्या मेंढ्या नेहमीप्रमाणे आमच्या रानात बसल्या. कळप उठला त्या दिवशी वडिलांनी माझ्यासोबत बैलगाडीतून जवारीचं पोतं पाठवलं. त्याच्या बापाने ते परत गाडीवर ठेवलं. "औंदा न्हाई, छोटे मालक. तुमी आमच्या पोराला पायातले बूट काढून दिले. तेवढं तरी फेडू द्या." मी ते पोतं घरी आणलं. पावसाळाभर आम्ही त्या जवारीच्या भाकरी खाल्ल्या, आणि घरात मला सोडून कुणालाच त्या जड गेल्या नाहीत.

दहावीनंतर मी सेलूला शिकायला गेलो आणि पुढे तिथेच एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला लागलो. तो कळपामागे गेला. अनवाणी पळाला असता तर पहिला आलाच असता का, हे मी सांगू शकत नाही. वर्षातून एकदा, मेंढ्या आमच्या रानात बसायच्या तेव्हा, आम्ही भेटायचो. तो अजूनही 'अय येड्या' म्हणूनच हाक मारायचा. मी बायकोच्या हातचं काहीबाही नेऊन द्यायचो, मोबाइलमधले फोटो दाखवायचो आणि निघायचो.

यंदा वडिलांना रानात येणं होईना, म्हणून आठ दिवस सुट्टी काढून मीच रानात राहिलो. कळप आता त्याचा स्वतःचा आहे. एका सकाळी तो एका मेंढीला मांडीवर उताणी धरून तिचे वाढलेले खूर चाकूने छाटत होता. मी चहा घेऊन गेलो. तो म्हणाला, "पाय दुखायला लागला की जनावर मागं ऱ्हातं. अन् मागं ऱ्हायलेलं कोल्ह्या-लांडग्याचं."

मला ते ऐकवेना. मी सांगून टाकलं. चपलेचं, बोटभर जागेचं, दुसऱ्या गाठीचं, सगळं. इतक्या वर्षांनी सांगून मन हलकं होईल असं मला वाटलं होतं. माफ करील, शिवी देईल, फार तर चहा ओतून देईल.

तो मेंढीचा पाय धरूनच बसला. मग म्हणाला, "लहान हायेत ते मला घालतानाच कळलं व्हतं. अंगठा मुडपला व्हता."

"मग काढले का नाहीस?"

"तू पायाशी बसला व्हतास. एवढ्या लोकांत, माझे पाय हातात धरून. माझ्या पायाला कुणी हात लावला व्हता तवा? लहान हायेत म्हणलो असतो तर तुझं तोंड एवढंसं झालं असतं. म्हणलं, ह्याच्या ध्यानात आलं न्हाई, पळावं तसंच." मग त्याने मान वर केली. "ध्यानात व्हतं व्हय तुझ्या?"

मी होय म्हणालो.

त्याने राहिलेला खूर नीट छाटला, चाकू धोतराला पुसला आणि मेंढी सोडून दिली. चहा प्याला. पेला विसळून माझ्या हातात दिला. शिवी दिली नाही.

दोन दिवसांनी कळप उठला. मी जवारीचं पोतं स्वतः उचलून त्याच्या टेम्पोत ठेवलं. त्याने ते दोरीने बांधून घेतलं, कुत्र्यांना हाक दिली आणि बांधावर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. दोन्ही हात जोडले.

"येतो मालक," तो म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. वडील घरीच होते. रानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.