सासूबाईंचा वाकडा दात

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे निश्चिंतराव म्हणत, अर्थात पाठीमागे. प्रिंटर अडो की इंटरनेट जावो, "निश्चिंत राहा, मी आहे ना," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरी मात्र हेच गृहस्थ कुलूप लावून ते ओढून बघत, अर्धा जिना उतरून पुन्हा वर येत आणि परत ओढत. बायको तोवर खाली रस्त्यावर ताटकळत उभी.

लॅबचा बॅकअप सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या कामाची रोज आपोआप प्रत ठेवणारं मशीन, फार जुना झाला होता. त्याचा पंखा असा घरघरायचा की शेजारी बसून फोनवर बोलायची सोय नव्हती. निश्चिंतरावांनी मालकांच्या मागे लागून नवं मशीन आणवलं, सगळं त्यावर हलवलं आणि रोज सकाळी पडद्यावरची 'यशस्वी' अशी हिरवी खूण पाहून ते स्वतःवरच खूश होऊ लागले. प्रत परत काढून बघायचं मात्र राहूनच गेलं. वर त्यांनी फर्मान काढलं, आपापल्या कॉम्प्युटरवर स्कॅन साठवून जागा अडवू नका, खुशाल पुसा.

डिझाइन करणाऱ्या ताईंनी खुशाल पुसली. त्यात सासूबाईंचे दात गेले.

सासूबाई म्हणजे खुद्द निश्चिंतरावांच्या. त्या लेकीकडेच राहत. उरलेले दात काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती : पुढचा वाकडा दात कवळीत जसाच्या तसा हवा. "आरशात भलतीच बाई दिसायला नको, जावईबापू." म्हणून दात काढण्याआधी तोंडाचं स्कॅन घेतलं होतं. दात गेल्यापासून कोणी आलं की त्या आतल्या खोलीत जाऊन बसत; हसणं तर बंदच झालं होतं. हिरड्या भरल्या, कवळीचं काम सुरू करायची वेळ आली.

"सर, तुमच्या सासूबाई बॅकअपमधून काढून द्या ना," ताई म्हणाल्या.

"आत्ता देतो."

फोल्डर उघडला, तर नवं मशीन आल्यापासूनचं काहीच नाही. निश्चिंतरावांनी तो बंद करून पुन्हा उघडला. खरं तर त्याच सकाळी, जुन्या फायली दिसेनात म्हणून शोधताना, एक दोष त्यांना सापडला होता. साठवणीची मोठी डिस्क मशीनला लावली होती, पण दरवेळी सुरू होताना ती वापरायला घे, हे मशीनला सांगायचंच राहिलं होतं. सापडल्या सापडल्या त्यांनी ते दुरुस्त केलं आणि आता सगळ्या फायली दिसतील असं गृहीत धरलं. दिसल्या त्या फक्त जुन्या सर्व्हरवरून आणलेल्या. मग त्यांनी वायरी काढून लावल्या, मशीन बंद करून सुरू केलं, उगाच पंख्यावरची धूळही पुसली. इतक्यात सासूबाईंचा फोन.

"मिळाला का हो माझा दात?"

"निश्चिंत राहा," तोंडातून निघून गेलं, आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"पण सर, रोज हिरवी खूण यायची ना? मग ते सगळं जात कुठे होतं?" ताईंनी विचारलं.

निश्चिंतरावांनी मशीनमध्ये कुठे किती जागा उरली आहे ते उघडून पाहिलं. मशीनची स्वतःची छोटी डिस्क काठोकाठ भरलेली दिसत होती, आणि आत तर तेवढं काहीच नव्हतं. मोठी डिस्क मिळत नव्हती म्हणून मशीन बिचारं त्याच नावाच्या फोल्डरमध्ये, छोट्या डिस्कवर, इमानेइतबारे प्रती ठेवत होतं. आणि निश्चिंतरावांनी घाईघाईने मोठी डिस्क नेमकी त्याच जागी जोडली होती. कपाटातल्या सामानावर नवी फळी ठोकावी आणि सामान चोरीला गेलं म्हणून बोंब मारावी, तसला प्रकार. दोष दूर करूनच त्यांनी फायली झाकल्या होत्या.

मोठी डिस्क बाजूला केली. खाली सगळं जागच्या जागी. वाकड्या दातासकट सासूबाई पडद्यावर आल्या आणि ताईंनी टाळीच वाजवली.

कवळी घरी आली त्या संध्याकाळी सासूबाई आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "मीच आहे," एवढंच म्हणाल्या. निश्चिंतरावांना राहवलं नाही. फर्मान, फळी, फोनवरची थाप, सगळं त्यांनी खाली मान घालून सांगून टाकलं. आता बोलणी बसणार, अशी त्यांची तयारी होती.

सासूबाई खो खो हसत सुटल्या. स्वयंपाकघरातून त्यांची लेक धावत आली, दारातच थबकली आणि हातातलं भांडं तसंच धरून आईकडे बघत रडू लागली.