एकशे सदतीस मिलिसेकंद

घाणेरडा कोड वाचून झाला की बाई उठून हात धुऊन यायच्या. मी हे वर्णन रंगवण्यासाठी सांगत नाही, त्या खरोखर हात धुवायच्या. खुर्ची मागे सरकवायची, चष्मा टेबलावर ठेवायचा, बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावायचा आणि रुमालाला हात पुसत परत यायचं. कुणी हसलं तर म्हणायच्या, "अहो, वाचलं मी ते. हात नको का धुवायला?" ज्याची फाइल त्यांनी उघडलेली असे, त्याचं तेवढा वेळ कामात लक्ष लागत नसे. माझं तर आठवडेच्या आठवडे लागलं नाही.

बाई आम्हाला कधी शिकवायला नव्हत्या. पण आमच्याकडे येण्याआधी अठरा वर्षं त्यांनी एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं होतं आणि तो आवाज, ते चष्म्यावरून बघणं कायम राहिलं होतं, म्हणून त्या सगळ्या ऑफिसच्या बाई झाल्या. अठरा वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांपुरत्या तुम्ही आमच्या. जुलैत नेमणुकीचं पत्र, एप्रिलमध्ये आभाराचं. "अठरा वर्षं पाहुणी होते मी," त्या सांगायच्या, "आणि पाहुणीनं चहासुद्धा घरून आणायचा." पन्नाशीत स्वतःच्या स्वतः रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकल्या आणि आमच्याकडे एका वर्षाच्या करारावर लागल्या. वर्ष नीट गेलं की कायम करू, असं मॅनेजरनं तोंडी सांगितलं होतं. याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, लिफ्टची वाट बघताना. "ज्यावर 'तात्पुरत्या स्वरूपात' असं लिहिलेलं नाही, असं एक पत्र हवंय मला. फ्रेम करून लावीन वारज्याच्या घरात."

आमचं सॉफ्टवेअर मार्केट यार्डातल्या फळांच्या व्यापाऱ्यांच्या शीतखोल्यांवर लक्ष ठेवायचं. खोली तापायला लागली की व्यापाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जायचा, निदान जावा अशी अपेक्षा होती. तो जातो की नाही हे बघायला आम्ही छोट्या छोट्या चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. चाचणी पास झाली की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवा ठिपका, नापास झाली की लाल. आमच्या मॅनेजरचा जीव त्या हिरव्या रंगात होता. शुक्रवारी सगळं हिरवं असलं की तो हिरव्या आयसिंगचा केक मागवायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. तो केक मी दोन वर्षं खाल्ला आहे. रविवारपर्यंत जीभ शेवाळल्यासारखी दिसायची.

मेसेज काही बटण दाबल्याबरोबर जात नाही. काम सोपवायचं, ते त्याच्या वेळेनं होतं. तेव्हा चाचणीनं थांबायचं कसं, हा प्रश्न येतो. आमच्याकडे प्रत्येक चाचणीत त्यासाठी एक लूप होता: जरा झोप, उठून बघ, आला का मेसेज? नाही? पुन्हा झोप. असं पन्नास वेळा. शंभरावर चाचण्या होत्या आणि प्रत्येकीत हाच लूप हातानं लिहिलेला, म्हणजे शेजारच्या फाइलीतून उचललेला.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी हे वाचलं, हात धुऊन आल्या आणि उभ्यानंच बोलल्या. "तुमच्याकडे गॅसचा सिलिंडर यायचाय. वॉचमनला सांगून ठेवलंत, आला की हाक मार, की संपलं. तुम्ही काय करता? दर दोन मिनिटांनी जिना उतरून फाटकापाशी बघून येता. घरातला प्रत्येक माणूस वेगळा उतरतो. आणि पन्नासाव्या फेरीला पाय दुखायला लागले की वर येऊन सांगता, आला सिलिंडर! शी!"

सगळे हसले. शेवटचं वाक्य लोकांना गंमत वाटलं, पण ते अक्षरशः खरं होतं. पन्नास फेऱ्या झाल्या की लूप संपायचा आणि मेसेज खरोखर आला का, हे पुढे कुणी विचारायचंच नाही. चाचणी पास. भिंतीवर हिरवा ठिपका.

कॉलेजात वर्षानुवर्षं जर्नलं तपासल्यामुळे बाईंना एक विद्या आली होती. एकानं प्रयोगात व्होल्टमीटर चुकीचा वाचला की तोच आकडा दशांशासकट साठ जर्नलांत उतरतो, आणि तपासणाऱ्याला मूळ जर्नल कुणाचं ते हुडकायचं असतं. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आम्ही सगळे तेच करून पास झालो. बाईंनी आमच्या चाचण्या कागदावर छापून घेतल्या आणि लाल पेनानं एकेक आकडा गोल करत गेल्या. प्रत्येक लूप दोन फेऱ्यांच्या मध्ये एकशे सदतीस मिलिसेकंद झोपत होता. शंभर नाही, दीडशे नाही, एकशे सदतीस. "ज्या आकड्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही, तो उतरवलेला असतो," त्या म्हणाल्या. मग कागदांचा गठ्ठा हातात घेऊन मधोमध उभ्या राहिल्या. "हे एकशे सदतीस कुणाचं?"

माझं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती पहिली चाचणी मी लिहिली. शंभरला ती कधी पास व्हायची, कधी नापास. दोनशेला फार वेळ खाते म्हणून मॅनेजर कुरकुरायचा. मी आकडे बदलत बसलो आणि एकशे सदतीसला ती लागोपाठ तीनदा पास झाली. चौथ्यांदा पुन्हा अडली, तेव्हा मला जेवायला जायचं होतं. म्हणून "मेसेज आला का" विचारणारी शेवटची ओळ मी तात्पुरती काढून टाकली. परत घातली नाही. माझ्या त्या लूपचे पुढे शंभर वंशज झाले. बाई विचारत होत्या तेव्हा मी बाटलीतलं पाणी पीत होतो. बराच वेळ पीत होतो.

बाईंनी उपाय केला तो अगदी साधा. सगळ्यांच्या वापरासाठी एकच फंक्शन लिहिलं, जेमतेम पंधरा ओळींचं, आणि सामाईक फोल्डरमध्ये ठेवलं. तुम्ही कशाची वाट बघताय आणि कुठवर बघणार, एवढं त्याला सांगायचं. गोष्ट झाली की ते लगेच पुढे जाऊ देई. मुदत संपली तर तिथंच अडवून शेवटी काय दिसलं होतं ते लिहून दाखवी. "थांबायची लाज नाही हो," त्या म्हणायच्या. "कशासाठी थांबलोय ते मात्र सांगता आलं पाहिजे." मग रोज एक फाइल उघडायची, जुने लूप काढायचे, त्या जागी आपलं फंक्शन घालायचं, हात धुवायचे. महिनाभर हे चाललं. ऑफिसात लिंबाच्या साबणाचा वास असला की समजायचं, आज कुणाची तरी फाइल निघाली.

माझ्या फाइलीशी पोचल्या तेव्हा त्यांनी समासात एकच शब्द लिहिला, विद्यार्थ्याच्या जर्नलवर लिहावा तसा. "भेटा." बाकी कुणाला त्यातून काही कळलं नसतं. मी भेटलो नाही. आठ दिवस जेवायला मागच्या जिन्यानं गेलो. त्या समोरून येताना दिसल्या की फोन कानाला लावायचो, पलीकडे कुणी नसताना "हो, हो" म्हणायचो. माणूस स्वतःलाच किळसवाणा वाटू शकतो हे मला त्या आठ दिवसांत समजलं, आणि समजूनही मी मागचाच जिना धरला.

सगळे लूप बदलून झाले आणि पडद्यावर अकरा ठिपके लाल झाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यातला एक माझ्या त्या पहिल्या चाचणीचा होता: नेट गेलं आणि परत आलं की अडकलेला मेसेज पोचला पाहिजे. तो पोचतच नव्हता. कधीपासून, ते सांगता येत नव्हतं, कारण विचारणारी ओळ मीच काढली होती.

"काल हिरवं होतं," मॅनेजर म्हणाला.

"काल झाकलेलं होतं," बाई म्हणाल्या.

त्याला पटलं नाही, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "चला, जाऊन बघू." माझ्या स्कूटरवर मागे बसून मार्केट यार्डला आल्या. डाळिंबाच्या एका व्यापाऱ्याच्या खोलीत आमचं यंत्र होतं. दार उघडलं तसा असा आंबूस, गोडसर भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरलो. खालच्या क्रेटांतून तपकिरी पाणी गळत होतं आणि त्यावर चिलटं घोंघावत होती.

"मेसेज येतो की," व्यापारी म्हणाला. "लाइट गेली, नेट गेलं, की तेवढा येत नाही. म्हंजे ज्या दिवशी पायजे त्या दिवशी येत नाही, बाकी येतो."

"तक्रार नाही केलीत?" बाईंनी विचारलं.

"केली ना. तुमच्या हापिसातून सांगितलं, आमच्याकडं सगळं हिरवं दिसतंय. मग मी एक माणूस ठेवला. दर तासाला दार उघडून बघतो. गेल्या आठवड्यात तो चार दिवस तापानं पडला, त्यातच लाइट गेली."

बाईंनी क्रेटमध्ये हात घातला, एक डाळिंब काढून दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि आतला काळा लगदा बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा सांगू शकलो असतो, आजूबाजूला ऑफिसचं कुणीच नव्हतं. मी स्कूटर काढतो म्हणालो. त्या दिवशी त्यांनी हातसुद्धा धुतले नाहीत. मागच्या सीटच्या दांडीला तो चिकट वास आठवडाभर होता.

मीटिंग दुसऱ्या दिवशी झाली. नवी आवृत्ती चार दिवसांत द्यायची होती. पडद्यावर अकरा लाल ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव, म्हणजे बाईंचं. डाळिंबाचं त्यांनी सांगून पाहिलं. ते त्या एका गिऱ्हाइकाच्या नेटचं दुखणं आहे, असं मॅनेजर म्हणाला.

"मॅडम, सरळ विचारतो. तुम्ही हात लावायच्या आधी हे चालत होतं की नाही?"

"चालतंय असं दिसत होतं."

"बघा, तुम्हाला कायम करायचं तर टीमचा विश्वास हवा. तुम्ही म्हणता मुळातच चुकीचं होतं. मग मुळात लिहिलं कुणी?"

बाईंच्या पुढ्यात लॅपटॉप उघडा होता. कुठली ओळ कुणी कधी लिहिली हे त्यात एका बटणावर दिसतं. त्यांनी बटण दाबलं नाही. "ज्यांनी लिहिलं ते सांगतील," एवढंच म्हणाल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. त्याच महिन्यात मला टीम लीड करणार होते. मी टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखानं दाबत बसलो. एक वाक्य पुरलं असतं. लूप माझा आहे, तो कधीच काही तपासत नव्हता, बाईंनी फक्त झाकण काढलं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं आणि मी ते गिळलं.

"ओके, मग पुढे जाऊ," मॅनेजर म्हणाला. बाईंचे बदल मागे घेतले गेले. पडदा हिरवा झाला आणि शुक्रवारी केक आला.

बाईंचं वर्ष संपलं तेव्हा त्यांना एक पत्र मिळालं, सहकार्याबद्दल आभार मानणारं. त्यांनी ते चार घड्या घालून पर्समध्ये टाकलं, सगळ्यांच्या टेबलाशी जाऊन "येते" म्हणाल्या. माझ्याही टेबलाशी आल्या. मी उभा राहिलो, एवढाच काय तो माझा शिष्टाचार.

तीन महिन्यांनी एका मोठ्या व्यापाऱ्याचा सगळा माल सडला आणि ओरड झाली. मी, आता टीम लीड, बाईंचं फंक्शन जुन्या आवृत्तीतून काढून परत बसवलं. अकरा ठिपके लाल झाले. या वेळी सगळे त्या लाल ठिपक्यांना मौल्यवान म्हणाले. आम्ही दुरुस्त्या केल्या आणि मला एक प्लास्टिकची ट्रॉफी मिळाली. सामाईक फंक्शनं का वापरावीत यावर मी सगळ्या ऑफिससमोर अर्धा तास भाषण केलं, सिलिंडरचं उदाहरणसुद्धा दिलं. लोक हसले. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही.

मागच्या महिन्यात शनिवार पेठेतल्या बसस्टॉपवर त्या दिसल्या. शेजारी सुतळीनं बांधलेला जर्नलांचा गठ्ठा होता. पुन्हा तासिका तत्त्वावर, दुसऱ्या कॉलेजात. त्यांनी माझी आणि मुलीची चौकशी केली, नीट, आपुलकीनं. त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं आणि मी मध्येच बोललो.

"बाई, तो लूप माझा होता."

"माहीत आहे. तारखेसकट नाव होतं तिथं."

"मग मीटिंगमध्ये सांगितलं का नाहीत?"

"मी कशाला सांगू? मी वाट बघत होते."

"कधीपर्यंत?"

"मीटिंग संपेपर्यंत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता जाऊन सांगू का मी त्यांना?" मी विचारलं.

"आता सांगून काय होणार? तुम्हाला बरं वाटेल, एवढंच."

वारज्याची बस आली. मी गठ्ठा उचलून द्यायला वाकलो.

"राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि तो स्वतःच उचलून चढल्या.