टिटवीचं पातं तुटलं तेव्हा

आमच्या ऑफिसात काम पुढे सरको न सरको, किस्से मात्र रोज जमतात. चार माणसं, एक तुटलेलं यंत्र आणि व्हाइटफील्डचा ट्रॅफिक. आणखी काय लागतं!

यंत्र म्हणजे मंगळावरचं छोटं रोबोट हेलिकॉप्टर. आम्ही त्याला 'टिटवी' म्हणतो. एका उड्डाणानंतर उतरताना ती वाळूवर आदळली. नेमकं काय मोडलं, हे आम्ही बंगळुरात बसून फोटोंवरून शोधायचं.

*

पहिल्याच दिवशी पुण्याहून नवीन आलेली गौरी ओरडली, "तडा! पात्याला तडा गेलाय!"

आम्ही धावलो. पाऊण तास त्या तड्याची लांबी मोजली, वाद घातले. मग आमचे सीनिअर, मल्लेश्वरमचे शिंदे अण्णा आले. त्यांनी रुमाल काढून स्क्रीन पुसली.

"सरी, ठीक आहे. झालं रिपेअर!"

गौरीचाच केस होता.

*

एकदा के. आर. पुरमहून रिक्षाने येत होतो. ड्रायव्हरने विचारलं, "काय काम करता, सर?"

"अपघात झालेल्या हेलिकॉप्टरची तपासणी."

"जागेवर जाऊन आलात?"

"नाही हो, फार लांब आहे."

"होसूरच्या पुढे?"

"बरंच पुढे!"

"तिकडे रस्तेच नाहीत धड," तो हळहळला. "म्हणून तर हेलिकॉप्टर लागतं!"

*

पात्याचं टोक तुटलं असेल तर यंत्र किती थरथरेल, हे अण्णांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी घरच्या सीलिंग फॅनच्या एका पात्याला जाड पुठ्ठा चिकटवला आणि बटण दाबलं. फॅन असा हादरला की छताचा चुना खाली!

"मंगळाचं मागाहून बघा," त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या अक्का, म्हणाल्या. "आधी माझ्या उप्पिटात काय पडलंय ते बघा!"

रिपोर्टात अण्णांनी लिहिलं, 'प्रयोग यशस्वी.'

*

शेवटी उत्तर दिलं ते टिटवीच्या सावलीने. वाळूवर पडलेल्या सावलीत एका पात्याला टोकच नव्हतं. हे गौरीनेच शोधलं.

"उडेल का?" आमच्या बॉस मॅडमनी विचारलं.

"नाही," गौरी म्हणाली.

तेवढ्यात टिटवीचा रोजचा मेसेज आला. मोटर ठीक. बॅटरी फुल. पुढच्या उड्डाणाची सूचना द्यावी. पात्यात सेन्सरच नव्हता. आपलं काय तुटलंय हे तिला कळलंच नव्हतं!

गौरीची बोटं कीबोर्डवर थांबली. "काय कळवू, अण्णा?"

अण्णांनी रुमाल काढून स्क्रीनवरची ती सावली एकदा पुसून बघितली.

"'नाही' नको लिहू ग," ते म्हणाले. "'स्वल्प थांब' असं लिही."