उजवी बाजू वर

मुलगा जपानला नोकरीला गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यानं मला तिकडच्या कागदांचं एक पाकीट पाठवलं. नक्षीचे चौकोनी कागद, आणि त्यांच्या बाहुल्या कशा करायच्या याची चित्रं. "तुझा वेळ जाईल, आई," असं फोनवर म्हणाला. त्याचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. कंग्राळीतल्या आमच्या दोन खोल्यांत वेळ खरंच जात नव्हता.

मी गावातल्याच मराठी शाळेत शिकवत होते. माझ्या चौथीच्या वर्गात सहाच मुलं उरली होती. बाकीची सकाळी बसनं बेळगावच्या इंग्रजी शाळांना जायची. एका शनिवारी ते पाकीट मी वर्गात नेलं. पांढऱ्या कागदाची मान, काळ्या कागदाचे केस, नक्षीच्या कागदाचा पायघोळ अंगरखा आणि कमरेला पट्टा. जपानी बाहुलीला डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही.

"मग ही बोलत्या कशी वं बाई?" एकीनं विचारलं.

ही मुलगी एरवी वर्गात बोलायचीच नाही. तिची आई दिवाळीच्या आधी आजारानं गेली होती. बाप गवंडीकामाला पहाटेच घर सोडायचा. शाळा सुटली तरी ती फाटकाजवळ रेंगाळायची. ते मी रोज बघायचे, पण काय बोलावं हे मला सुचायचं नाही.

"आपण मनात बोलायचं तिच्याशी," मी म्हणाले.

मुलं बाहुल्या घरी घेऊन गेली. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी माझी बाहुली मुलाला दाखवली. तो हसला.

"आई, गळा उलटा झालाय. बाहुलीची डावी बाजू वर पाहिजे. तू उजवी वर घेतलीस."

"त्यानं काय होतंय?"

"इथं मेलेल्या माणसालाच तसं नेसवतात."

चूक माझीच होती. चित्रात डावी बाजू वर म्हटलं होतं, ती मी माझी डावी धरली होती. सहाही बाहुल्यांना मी मरणाचे कपडे घालायला लावले होते. त्याला अजून सांगायचं होतं, पण त्याच्याकडं कुणीतरी आलं आणि फोन बंद झाला.

सोमवारी मुलांना बाहुल्या परत आणायला सांगितल्या. मंगळवारी सगळ्यांनी आणल्या. का दुमड बदलायची तेही खरंखरं सांगितलं. लपवलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, पण मला खोटं पटकन जमत नाही. पाच जणांनी गळे सोडून पुन्हा नीट घडी घातली. फाटकाजवळ रेंगाळणाऱ्या त्या मुलीनं बाहुली दप्तरातून काढलीच नाही.

"दे गं, मी करून देते."

"माजी तशीच ऱ्हाऊ दे, बाई."

"अगं, ते मेलेल्या माणसाचं..."

"व्हय. म्हनूनच."

मी फळ्याकडं वळले आणि काय लिहायचं होतं तेच आठवेना.

शाळा सुटल्यावर ती टेबलाजवळ आली. "बाई, तुमच्या घरात कोन असतंय?"

"कोण नाही गं."

"मग ऐतवारी मी येऊ?"

ती आली. दहा वाजता, केसांना तेल लावून. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या बाहुल्या केल्या. फार बोललो नाही. तिनं चहात बुडवून बेकरीचे चार बटर खाल्ले आणि आईला इरकल लुगडं लई आवडायचं एवढंच सांगितलं. मग आम्ही पत्रिकेचा हिरवा कागद शोधला, त्याला तांबडा काठ चिकटवला. असे सात रविवार गेले.

परीक्षा झाल्यावर चिकोडीहून तिची मावशी आली. मुलीला तिच्याकडं ठेवायचं ठरलं होतं. तिथली शाळा कन्नड. दाखला मीच लिहिला. मावशी म्हणाली, "लई नाव काढत्या तुमचं." मी दाखल्यावर शिक्का उमटवला.

"येतो बाई," पोरगी दारातून म्हणाली.

"ये," मी म्हणाले. जवळ घ्यायला हवं होतं, पण हातात शिक्का होता.

पुढच्या रविवारी अकरा वाजेपर्यंत मी दाराला कडी लावली नाही.