चढावर उकळणारी गाडी आणि लाँड्रीतल्या वहिनी

पडदा वर जातो, तेव्हा आधी दिसते ती नुसती वाफ. लाँड्रीची वाफ मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलांवर. ही मात्र अंगणाच्या मधोमध, जुन्या व्हॅनच्या बॉनेटमधून फुसफुसत वर चढते आहे. डावीकडे भाऊजी, कपाळाला हात लावून. उजवीकडे पायरीवर सासूबाई, मांडीवर उसवलेला उशीचा अभ्रा. आणि ऐन मध्यभागी, गाडीकडे रोखून बघत, कमरेवर हात ठेवून वहिनी.

"विकून टाका हिला," भाऊजी म्हणाले. "भंगारवाल्याला तरी दया येईल."

"तुम्हाला घेतो का विचारा आधी," वहिनी म्हणाल्या.

पण थट्टा तोंडापुरतीच होती. टेकडीवरच्या इस्पितळाच्या चादरी आणि ऑपरेशनचे हिरवे डगले सासऱ्यांच्या काळापासून याच घरात धुतले जात. अलीकडे गाडी अर्ध्या चढावरच उकळू लागली होती. कपडे उशिरा पोचले, ऑपरेशनं खोळंबली. आजची गाठोडी तर दूधवाल्याच्या टेम्पोतून वर गेली. इस्पितळाच्या स्टोअरकीपरने आवाज न चढवता सांगितलं होतं: उद्या सकाळी तुमची गाडी वेळेवर वर आली नाही, तर परवापासून दुसरी लाँड्री. ते काम गेलं की या घरातली वाफही गेलीच.

वहिनी या घरात आल्या तेव्हा त्यांना धुणंही येत नव्हतं आणि गाडीही. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. सासऱ्यांनी सुनेला दोन्ही शिकवलं. काय मोठ्या मनाचा माणूस होता तो! त्यांची शिकवण एकच. डागाला हात लावण्याआधी डागाची चौकशी करायची. कशाचा आहे, कधी पडला, पाणी लागलंय का. न विचारता चोळत सुटलं, की डाग राहतो आणि कापड जातं.

इंजिन थोडं निवल्यावर वहिनींनी तीच चौकशी सुरू केली.

"भाऊजी, सपाटीवर तापते?"

"नाही."

"उभ्या उभ्या?"

"छे! चढ आला की नखरे. थर्मोस्टॅट नवा घातला, रेडिएटर धुऊन आणला, पंख्याचा पट्टा ताणला. आता काय, पाया पडू तिच्या?"

"काटा वर गेला की तुम्ही काय करता?"

"करणार काय? कडेला घेतो, बंद करतो, बॉनेट उघडतो."

"म्हणजे दुखणं चालू असताना तिला कुणी बघितलंच नाही. ते थांबलं की आपण बघायला जातो."

रेडिएटर पुरता गार झाल्यावर वहिनींनी त्यात पाणी भरलं. अंबाडा घट्ट केला, बाह्या कोपराच्या वर सारल्या. भाऊजींना आत बसवलं. बॉनेट उघडंच ठेवलं.

"सांगेन तेव्हा रेस द्या. मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

"हात लांब ठेव गं," सासूबाई पायरीवरून ओरडल्या. "तो पंखा माझ्यासारखा नाही. नुसता बोलून सोडणार नाही तुला."

इंजिन तापलं, मग गरजलं. वहिनी वाकून बघत राहिल्या. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रेडिएटरच्या तळाची रबरी नळी आत ओढली गेली, पिळून काढलेल्या अभ्र्यासारखी चपटी झाली.

"सोडा!"

नळी पुन्हा गोल.

"द्या!"

पुन्हा चपटी. पंप जोरात पाणी ओढू लागला की नळीच मिटत होती, मग रेडिएटरचं गार पाणी इंजिनात जाणार कुठून?

"भाऊजी, ही नळी मध्यंतरी तुम्हीच बदललीत ना? जुनीच्या आत काही होतं?"

"होती एक लांबलचक स्प्रिंग. गंजून लाल झालेली."

"मग?"

"मग काय? टाकली! गंज होता वहिनी, गंज!"

आता याला काय म्हणायचं? गंजाचा एक ठिपका पांढऱ्या चादरीवर पडला की चादर बाद. म्हणून या घरात गंजकी टाचणी दिसली तरी तिला उंबऱ्याबाहेर घालवत. भाऊजी त्याच शिस्तीत वाढलेले.

"बरोबर केलं त्याने," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. मग त्यांची सुई थांबली. "पण मग ती आत कशाला होती?"

"नळी मिटू नये म्हणून, आई."

बाजारात तसली स्प्रिंग मिळेना. वहिनींनी वाळवणीसाठी आणलेली जाड, न गंजणारी तार काढली आणि लोखंडी पाइपावर घट्ट वेटोळी घालायला बसल्या. पहिलं वेटोळं ढिलं निघालं. दुसरं नळीत जाईना. तळव्यांना फोड आले. भाऊजींनी पक्कड हातातून घ्यायला हात पुढे केला, तर वहिनींनी पाइपाचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. "इथे धरा. हलू नका." दिवेलागणीला स्प्रिंग नळीत बसली. रेस दिली. नळी गोल ती गोलच.

सकाळी स्टिअरिंगवर वहिनी, शेजारी भाऊजी, मागे छतापर्यंत गाठोडी. चढ लागला. रोजचं वळण आलं. भाऊजी काट्याकडे असे बघत होते, जणू तो चावेल. वळण मागे पडलं. काटा मधोमध बसून राहिला. भाऊजींनी श्वास सोडला. वहिनींनी गिअर बदलला.

फाटकाशी स्टोअरकीपर घड्याळ बघत उभा होता. आज गाडी वेळेवर होती. गाठोडी उतरली. "आता कडेला घ्या," तो जरा ओशाळून म्हणाला, "गाडी निवू द्या. तोवर मळके कपडे गोळा करायला सांगतो."

वहिनींनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"निवायची गरज नाही तिला. कपडे आणा, मी इंजिन बंद केलेलं नाही."