हळदीतलं उत्तर

बाळांनो, आपल्या पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या आजीबाई डोंगरउतारावरच्या वडारवस्तीत राहतात. माझ्याशी मराठी बोलतात, पण छिन्नी हातात घेतली की दगडाशी त्यांच्या तेलुगू वळणाच्या बोलीत पुटपुटतात. त्यांच्याकडे हळदीला आजीनं त्या बोलीत गायचं आणि नवरीनं गाऊन उत्तर द्यायचं, अशी रीत आहे. परवा त्यांच्या नातीच्या हळदीला मी गेले होते. त्यांनी पहिली ओळ गायली. नात मान खाली घालून म्हणाली, "आज्जे, मला न्हाई येत गं."

"यील की! तोंड तर उघड, बये."

पोरगी रडायलाच लागली. मग आजीबाईंनी आवाज कोवळा केला आणि नवरीची ओळही स्वतःच म्हटली. पुढं दर ओळीनंतर त्या थांबायच्या, नातीकडं बघायच्या आणि मग स्वतःच उत्तर द्यायच्या.